महाबळेश्वरच्या कड्यावरून समुद्राचे प्रवाह मोजता येतील का?

प्रश्न साताऱ्याच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा आहे. थोडक्यात असा: हवा स्वच्छ असली की आर्थर सीटवरून समुद्र दिसतो म्हणतात, मग कोकणात उतरण्यापेक्षा तिथंच रडार बसवून समुद्राचे प्रवाह आणि येणारी-जाणारी जहाजं टिपता येतील का? आणि ते जमत नसेल तर सातारा-सांगलीत राहून या विषयात हाताने करण्यासारखं काय आहे?

प्रवाह मोजता येणार नाहीत. जहाजं रडारने टिपणं जवळजवळ अशक्य, पण रडार सोडून दुसऱ्या वाटेने उत्तम टिपता येतील. आणि ज्या तत्त्वावर प्रवाहांचं रडार चालतं ते तत्त्व सांगलीत कृष्णेच्या पुलावर उभं राहून तपासता येतं. आता कारणं.

प्रवाह मोजणारं रडार उंचीवर चालत नाही, खाऱ्या पाण्यावर चालतं. ते शॉर्टवेव्हच्या म्हणजे एचएफ पट्ट्यात काम करतं, साधारण ४ ते ३० मेगाहर्ट्झ. या लहरी उभ्या अँटेनातून निघाल्या की समुद्राच्या पृष्ठभागाला चिकटून जातात आणि क्षितिजाच्या खाली वळूनही पुढे सरकतात, कारण समुद्राचं पाणी उत्तम वाहक आहे. वाहकता मीटरला ४ ते ५ सीमेन्स. कोरड्या खडकाळ जमिनीची त्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास. आर्थर सीटपासून हरिहरेश्वरच्या बाजूचा किनारा हवाई अंतराने साठ-पासष्ट किलोमीटर आहे. म्हणजे लहर पासष्ट किलोमीटर जांभा, काळा पाषाण आणि जंगलावरून जाणार, समुद्रावरून परतणार आणि पुन्हा तेवढंच तुडवणार. हाती काही उरत नाही. किनाऱ्यावरसुद्धा अँटेना पाण्याच्या रेषेपासून दीडदोनशे मीटरच्या आत असावी लागते. मध्ये रुंद कोरडी पुळण किंवा सुरूचं बन आलं तरी पल्ला कमी होतो.

उंचीचा फायदा असतो तो जहाजाच्या नेहमीच्या, तीन सेंटीमीटर लहरीच्या एक्स-बँड रडारला. त्याचं क्षितिज किलोमीटरमध्ये ४.१२ गुणिले मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ. १४०० मीटरवरून ते १५४ किलोमीटर येतं, म्हणून कागदावर कल्पना मोहात पाडते. पण परतीचा संकेत अंतराच्या चौथ्या घाताने कमी होतो. १० किलोमीटरवरची होडी ६५ किलोमीटरवर नेली तर प्रतिध्वनी सुमारे १८०० पट दुबळा. शिवाय दोन मीटर लांबीच्या अँटेनाचा झोत सुमारे १.२ अंश रुंद असतो, म्हणजे किनाऱ्यापाशी तो सव्वा किलोमीटरहून जास्त पसरतो. त्या पट्ट्यात चार मचवे असले तरी पडद्यावर एकच ठिपका. त्यात जून ते सप्टेंबर पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि ढग कड्याला टेकलेले. तीन सेंटीमीटरची लहर पावसात मार खाते. म्हणून तटरक्षक दलाची साखळी रडारं किनाऱ्यावर आणि बेटांवर, बरीचशी दीपगृहांच्या आवारात आहेत. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर उभ्या राहिलेल्या पहिल्या टप्प्यात अशी ४६ ठाणी झाली. डोंगरात कुणी गेलं नाही, ते उगाच नाही.

आता प्रवाह नेमका मोजतात कसा. रडारची लहर समुद्रावर पडते तेव्हा सगळ्या लाटा सारख्या परत बोलत नाहीत. ज्या लाटांमधलं अंतर रडारलहरीच्या बरोबर निम्मं आहे आणि ज्या थेट रडारकडे येतात किंवा रडारपासून दूर जातात, त्यांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिळून मोठे होतात. हे न्यूझीलंडच्या डग्लस क्रॉम्बी यांनी १९५५ मध्ये १३.५६ मेगाहर्ट्झवर दाखवलं. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या लांबीवरून पक्का ठरतो, त्यामुळे प्रवाह शून्य असला तर डॉपलर, म्हणजे हालचालीमुळे परतीच्या वारंवारतेत पडणारा फरक, किती यायला हवा हे आधीच माहीत असतं. प्रत्यक्षात जो फरक दिसतो, तो प्रवाहाचा. सगळी यंत्रणा या एका वजाबाकीवर उभी आहे.

एक वर्णपट, म्हणजे परतलेल्या संकेतात कोणत्या डॉपलरला किती जोर आहे याचा आलेख, समोर ठेवून बघा. वारंवारता १३.५ मेगाहर्ट्झ, लहर २२.२ मीटर, म्हणजे आपल्याला उत्तर देणाऱ्या लाटा ११.१ मीटरच्या. त्यांचा वेग सेकंदाला ४.१६ मीटर. प्रवाह नसेल तर अधिक आणि उणे ०.३७५ हर्ट्झवर दोन शिखरं दिसायला हवीत. समजा उजवं शिखर ०.४०२ वर आहे आणि डावं उणे ०.३४८ वर. दोन्ही ०.०२७ ने उजवीकडे सरकलीत. त्याला ११.१ ने गुणा: सेकंदाला ३० सेंटीमीटर, रडारच्या दिशेने. दोन शिखरं सारखीच सरकली आहेत का, ही पहिली तपासणी. नसतील तर दोन दिशांतले दोन वेगळे प्रवाह एकाच अंतराच्या पट्ट्यात मिसळले असतील, किंवा शिखराची हद्द चुकीची आखली गेली असेल. आता त्याच वर्णपटात उणे ०.५५ हर्ट्झवर एक बारीक, टोकदार सुई उभी आहे. तिथं लाटेचं शिखर असण्याचं कारण नाही. गुणाकार केला की सेकंदाला ६.१ मीटर, दूर जाणारं, म्हणजे जवळपास १२ नॉट. हे जहाज.

प्रवाहवाल्याला ही सुई म्हणजे घाण, ती काढून टाकायची. जहाजवाल्याला लाटांची शिखरं म्हणजे घाण. एकाच रडारमधून दोन्ही कामं होतात, पण प्रक्रिया वेगळी लावावी लागते. प्रवाहासाठी १३.५ वर सुमारे ५१२ सेकंदांचा नमुना घेतात. त्यातून वेगाची बारकाई सेकंदाला सव्वादोन सेंटीमीटरपर्यंत मिळते. पण १२ नॉटचं जहाज तेवढ्यात तीन किलोमीटरहून जास्त सरकतं, अंतराचा कप्पा (रडार समुद्र ज्या ठरावीक लांबीच्या तुकड्यांत वाचतं त्यातला एक) ओलांडतं आणि त्याची सुई पसरून जाते. म्हणून जहाजांसाठी १२८ सेकंद किंवा त्याच्या आसपासचा नमुना, आणि तोही एकावर एक सरकवत घेतलेला.

जहाज शोधण्यातली खरी अडचण मात्र नमुन्याची नाही, आंधळ्या वेगाची आहे. जहाजाचा रडारकडचा वेग लाटेच्या वेगाइतका झाला की सुई शिखराच्या पोटात गडप होते. १३.५ मेगाहर्ट्झवर हा वेग ८.१ नॉट. नेमका मासेमारीवरून परतणाऱ्या ट्रॉलरचा! खाली ४.५ मेगाहर्ट्झवर जावं तर तो १४ नॉट होतो, आणि मग मालवाहू जहाजं शिखरात गडप होतात. नांगरलेलं किंवा रडारला आडवं जाणारं जहाज शून्य डॉपलरपाशी बसतं, तिथं किनाऱ्यावरच्या इमारती आणि खडकांचा प्रतिध्वनी आधीच ठाण मांडून असतो. उपाय एकच, दुसऱ्या जागेवरून किंवा दुसऱ्या वारंवारतेवर बघणं. एकाला आडवं जाणारं जहाज दुसऱ्याला तिरकं दिसतं. आणि जहाज किती मोठं दिसेल हे त्याच्या टनांपेक्षा डोलकाठीच्या उंचीवर जास्त ठरतं. लहरीच्या पाव भागाइतकी उभी धातूची काठी चांगली परावर्तित करते: ४.५ वर सुमारे १६.५ मीटर, १३.५ वर साडेपाच मीटर. फायबरची बुटकी होडी ४.५ ला जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे 'एचएफ रडार किनाऱ्याची सुरक्षा करेल' असं कुणी सरसकट म्हणत असेल तर आधी विचारा, कोणत्या होडीपासून?

एक रडार प्रवाहाचा फक्त स्वतःकडचा घटक देतं. खरा प्रवाह काढायला दोन ठाणी लागतात आणि त्यांच्या दृष्टिरेषा जिथं छेदतात तिथला कोन ३० ते १५० अंशांच्या मध्ये असावा लागतो. कागदावर जयगड आणि रत्नागिरीचं दीपगृह अशी जोडी घ्या, अंतर सुमारे ३५ किलोमीटर. दोघांच्या मधोमध लंब काढला तर ४.७ किलोमीटरच्या आत कोन १५० च्या वर जातो, दोघं एकाच रेषेत बघतात आणि किनाऱ्याला आडवा घटक हाती लागत नाही. दुसऱ्या टोकाला ६५ किलोमीटरनंतर कोन ३० च्या खाली. १३.५ मेगाहर्ट्झचा पल्लाही ७० च्या आसपास असतो, म्हणजे जोडी बरोबर बसते. हेच हर्णै आणि रत्नागिरी धरलं, ९० किलोमीटर, तर जमणारा पट्टा १२ पासून १६८ पर्यंत येतो. ही ४.५ मेगाहर्ट्झची जोडी झाली, तिचा पल्ला दिवसा १८० ते २०० पर्यंत जातो. वारंवारता आधी ठरवून मग जागा शोधायच्या की उलट, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. नकाशावर हा त्रिकोण काढला की आपोआप कळतं. तुमच्या प्रकल्पात हा एक नकाशा जरी नीट आला तरी मी त्याला चांगले गुण देईन.

अंतराची बारकाई मात्र परवान्यावर ठरते. कप्प्याची लांबी म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले मिळालेल्या वारंवारता-पट्ट्याच्या रुंदीची दुप्पट. २५ किलोहर्ट्झ मिळाले तर ६ किलोमीटर, ५० ला ३, १०० ला दीड. २०१२ च्या जागतिक रेडिओ परिषदेत या रडारांसाठी पट्टे ठरले. आपल्या भागात त्यात ४४३८ ते ४४८८ आणि १३४५० ते १३५५० किलोहर्ट्झ येतात. पहिल्याची रुंदी मुळातच ५०, त्यामुळे लांब पल्ल्याच्या रडारकडून दीड किलोमीटरची अपेक्षा धरू नका. परवाना दूरसंचार विभागाच्या, वारंवारता वाटून देणाऱ्या डब्ल्यूपीसी शाखेचा. ठाण्याने दर वीस मिनिटांच्या आत आपलं संकेतनाम मोर्समध्ये सांगायचं असतं, ही एक जुन्या वळणाची गोड अट आहे.

अँटेनाचे दोन पंथ आहेत. एक म्हणजे एका खांबावर एकमेकांना काटकोनात असलेल्या तारेच्या दोन उभ्या वळणांची जोडी आणि एक उभी काठी, दिशा गणिताने काढायची. सीसोंड या नावाचं अमेरिकी रडार असं आहे. दुसरा म्हणजे किनाऱ्याला समांतर बारा-सोळा खांबांची रांग, झोत फिरवून दिशा काढायची. जर्मन वेरा तसं. रांगेला शंभर-दोनशे मीटर मोकळी, सरळ जागा लागते. कोकणात ती कुठं मिळणार, हे ज्याने तिकडच्या डोंगराच्या सोंडा पाहिल्या आहेत त्याला सांगायला नको. भारतातली मूळ जोडलेली दहा रडारं पहिल्या पंथाची आहेत: गुजरात, तमिळनाडू, आंध्र-यानम, ओडिशा आणि अंदमान, प्रत्येकी एक जोडी. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने ती उभी केली, माहिती हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र माहिती केंद्राकडे जाते. या दहांत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं एकही नाही.

पहिल्या पंथाचा कच्चा दुवा म्हणजे अँटेनाचा खरा आकृतिबंध, म्हणजे ती कोणत्या दिशेला किती ऐकते. पुस्तकात तो आदर्श असतो. जागेवर शेजारचं पत्र्याचं छप्पर, तारेचं कुंपण, विजेची तार, सगळे त्याला वाकवतात. मग प्रवाहाचा वेग बरोबर येतो पण तो वीस अंश चुकीच्या दिशेला मांडला जातो, आणि ही चूक नकाशा बघून कळत नाही. नकाशा देखणाच दिसतो. म्हणून होडीत छोटा प्रक्षेपक ठेवून ठाण्याभोवती एक-दोन किलोमीटर त्रिज्येचा अर्धवर्तुळाकार फेरा मारतात आणि खरा आकृतिबंध मोजतात. हे वर्षातून एकदा, आणि जवळ काही नवीन बांधलं की लगेच. धातूची प्रत्येक मोठी वस्तू निदान एक लहरीच्या अंतरावर ठेवायची, ४.५ वर म्हणजे ६६ मीटर.

बाकी काय बिघडतं? रात्री ४.५ मेगाहर्ट्झवर आयनांबराचा खालचा थर विरतो आणि हजारो किलोमीटर दूरची प्रसारणं आत घुसतात. दिवसा दीडशे किलोमीटर भरलेला नकाशा रात्री निम्म्यावर येतो. समुद्र फार शांत असला तर ३३ मीटर लांबीच्या लाटाच नसतात, मग परत बोलणार कोण? उलट लाटा फार उंच झाल्या की मुख्य शिखर आणि आजूबाजूची दुय्यम शिखरं एकत्र वितळतात. ही हद्द १३.५ वर साधारण सात मीटर लाटेची, ४.५ वर वीसच्या आसपास, म्हणून वादळी किनाऱ्यावर कमी वारंवारता बरी. खंभातच्या आखातासारख्या ठिकाणी भरती-ओहोटीचा जोर इतका की सेकंदाला दोन मीटरचा प्रवाह ४.५ वरच्या ०.२१७ हर्ट्झच्या शिखराला ०.०६ ने ढकलतो. सॉफ्टवेअरची ठरावीक हद्द मग शिखराचा तुकडा बाहेर टाकते आणि नेमका सगळ्यात जोरदार प्रवाह गायब होतो. हद्दीच्या खुणा हाताने तपासायच्या, निदान उधाणाच्या दिवशी. मोठ्या नदीचं गोडं पाणी समुद्रात पसरलं की वाहकता घटते आणि पल्लाही. आणि रोजचं दुखणं म्हणजे खारी हवा: कनेक्टर हिरवे पडतात. स्वयंजोड रबराची टेप खालून वर गुंडाळायची, वरून खाली नाही, नाहीतर पावसाचं पाणी प्रत्येक पदराआड जाऊन बसतं. खोलीतला एसी रडारपेक्षा जास्त वीज खातो, पण तो बंद पडला की दोन तासांत रिसीव्हर भरकटायला लागतो.

हे सगळं करून मिळतं काय? वरच्या थराचा प्रवाह, दर तासाला. ४.५ वर पृष्ठभागापासून सुमारे अडीच मीटर, १३.५ वर एक मीटरहून कमी खोलीचा. तरंगत्या बोयाशी ताडून पाहिलं तर फरक साधारण ५ ते १५ सेंटीमीटर प्रति सेकंद निघतो. तेलाचा तवंग किंवा बुडालेल्या होडीतला माणूस कुठं वाहत गेला असेल यासाठी तो पुरतो. खोल पाण्यातल्या प्रवाहाबद्दल त्यातून काही कळत नाही.

आता तुम्ही काय करायचं. जहाजांसाठी रडार विसरा आणि एआयएस, म्हणजे जहाजांची स्वयंचलित ओळख यंत्रणा, ऐका. मोठी जहाजं आपली जागा, वेग, दिशा १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर स्वतःच ओरडून सांगत असतात. चालत्या जहाजाचा निरोप २ ते १० सेकंदांनी, नांगरलेल्याचा तीन मिनिटांनी. ही एकतर्फी वाट आहे, चौथा घात नाही, वर्ग आहे. इथं मात्र महाबळेश्वरची उंची खरोखर कामी येते: तुमचं क्षितिज १५४, जहाजाची अँटेना २० मीटरवर असेल तर तिचं १८, मिळून १७० किलोमीटर. किनारा वजा करा, शंभर किलोमीटर समुद्र उरतो. बारा वॅटचं प्रक्षेपण तेवढं येतं. साधा यूएसबी रेडिओ रिसीव्हर, ४६ सेंटीमीटरची उभी काठी, तिच्या खाली तिरक्या चार काड्या तेवढ्याच लांबीच्या. केबल १५ मीटर आरजी-५८ घातलीत तर निम्मा संकेत केबलच खाईल. रिसीव्हर काठीपाशी न्या आणि यूएसबीची तार लांबवा, किंवा काठीखालीच अॅम्प्लिफायर लावा. परवानगी वनखात्याची आणि दूरसंचाराची आधी विचारा, आणि माकडांचा बंदोबस्त करा, त्यांना काड्या वाकवायला पाच मिनिटं पुरतात. एक गोष्ट खटकेल: इतक्या उंचावरून इतकी जहाजं एकदम ऐकू येतात की निरोप एकमेकांवर आदळून हरवतात. क्षितिजामुळे एकमेकांना ऐकू न येणारी जहाजं तुम्हाला मात्र एकाच क्षणी ऐकू येतात. पश्चिमेकडे तोंड केलेली चार पात्यांची यागी, म्हणजे एकाच दिशेचं जास्त ऐकणारी अँटेना, लावली तर हे कमी होतं.

प्रवाहाचा प्रयोग सांगलीत. आयर्विन पुलावर २४ गिगाहर्ट्झचं छोटं डॉपलर मॉड्यूल कठड्याला बांधा, तोंड पाण्याकडे ४५ अंशांत, प्रवाहाच्या वरच्या बाजूला. खालच्या बाजूला खांबांमागचे भोवरे असतात. मॉड्यूल दोन आउटपुटचं घ्या, एका आउटपुटवरून पाणी येतंय की जातंय हे कळत नाही. लहर १२.५ मिलिमीटर, त्या कोनात उत्तर देणाऱ्या तरंगांची लांबी ८.८ मिलिमीटर, त्यांचा स्वतःचा वेग सेकंदाला सुमारे २५ सेंटीमीटर. सेकंदाला दोन मीटरच्या प्रवाहाला २२६ हर्ट्झ येतात, लॅपटॉपच्या माइकच्या खाचेत घालून ऐकू येतील. कोन मोजताना घाई नको, ४५ ऐवजी ५० असला तर वेग नऊ टक्क्यांनी चुकतो. पृष्ठवेगाला ०.८५ ने गुणून सरासरी धरायची पद्धत आहे.

पुराच्या पाण्यात सगळं इतकं खवळलेलं असतं की एकच जाड उंचवटा दिसेल. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की मात्र पुलावर जायचं नाही, मॉड्यूल आधीच बांधून ठेवायचं. खरी गंमत उन्हाळ्यात. पात्र संथ, वारा हलका, आणि वर्णपटात प्रवाहाच्या दोन्ही बाजूंना सुमारे २९ हर्ट्झवर दोन शिखरं वेगळी होतात, हुबेहूब समुद्रासारखी. वारा एकाच बाजूने असेल तर त्यातलं एकच दिसतं आणि थांबलेली कृष्णा २५ सेंटीमीटरने वाहते असं यंत्र सांगतं. तेव्हा कागदाची होडी सोडा, घड्याळ लावा आणि आकडा ताडून बघा.